बाटलीस सरहद्द कोणती?

एखादा प्रश्न व्यापाऱ्याच्या सोयीचा म्हणून पुढें यावा, सरकारी तिजोरीच्या हिशेबांत त्याचा विचार व्हावा, आणि ज्या घरांस त्याचे बरेवाईट परिणाम भोगावयाचे त्या घरांस मात्र कोणीं विचारूंही नये, हा प्रकार आपल्या देशांत नवा नाहीं. एका राज्यांत तयार झालेलें मद्य, विशेषतः द्राक्षांची वाइन, दुसऱ्या राज्यांतील ग्राहकाच्या घरीं परभारें पाठवितां यावी कीं नाहीं, हा प्रश्न याच मासल्याचा आहे. कापड, भांडीं, पुस्तकें, औषधें सारें कांहीं घरबसल्या मागवितां येतें, मग वाइननेंच काय घोडें मारलें, असें विचारणारे लोक शहरांतून दिसूं लागले आहेत. शेगांवसारख्या यात्रेच्या गांवास या वादाशीं काय कर्तव्य, असें कोणास वाटेल. परंतु आमच्या मतें या वादाची खरी कसोटी अशाच गांवीं लागावयाची आहे.

शेगांवच्या उत्तरेस संग्रामपूर व जळगांव-जामोद हे तालुके ओलांडले कीं सातपुडा लागतो, व सातपुड्यांतच मध्यप्रदेशाची हद्द लागते, पलीकडे बऱ्हाणपूर. ही हद्द पुरातन नाहीं. १९०३ पासून वऱ्हाड हें मध्यप्रांताबरोबर एका कारभाराखालीं होतें, निमाड जिल्हाही त्याच प्रांतांत होता, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बऱ्हाणपूरचा माल शेगांवच्या पेठेंत येतांना कोणत्याही राज्याची वेस ओलांडीत नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यांत आला, निमाड मध्यप्रदेशांत राहिला. पुढें मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्यें विदर्भास लागू करण्यांत आला. पलीकडे १९१५ चा जुना अबकारी कायदा चालूं राहिला, तो आजही चालूं आहे. डोंगर तोच, बाजार तोच, सोयरिकी त्याच. परंतु बाटलीपुरते हे दोन निराळे देश झाले.

याचें मूळ राज्यघटनेंत आहे. सातव्या अनुसूचींतील राज्यसूचीच्या ८ व्या नोंदीनें मादक पेयांचें उत्पादन, बाळगणें, वाहतूक, खरेदी व विक्री हे सर्व विषय राज्यांकडे सोंपविले. ४७ व्या कलमानें, औषधी उपयोग वगळून, आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा यत्न राज्यानें करावा असें सांगितलें. उलटपक्षीं ३०१ व्या कलमानें देशभर व्यापार-उदीम मोकळा असावा असें म्हटलें. परंतु मद्याचा धंदा हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितलें असून १९९४ मध्यें खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यांत तें विस्तारानें मांडलें आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर देशभर सुरू झाला, तेव्हांही पिण्याचें मद्य त्याच्या बाहेरच ठेवण्यांत आलें. कापडाच्या ताग्यास आज जी एकच बाजारपेठ लाभली आहे ती बाटलीस लाभलेली नाहीं. तिला प्रत्येक हद्दीवर नवा परवाना, नवें शुल्क आणि नवा शिपाई भेटतो.

व्यवहारांत याचा अर्थ काय होतो तो पाहा. समजा, शेगांवचा एखादा व्यापारी कामानिमित्त बऱ्हाणपुरास गेला, तेथील परवानाधारक दुकानांतून सर्व कर भरलेली वाइनची एक बाटली त्यानें विकत घेतली, आणि रात्रीं तो घरीं परतला. हद्दीपलीकडे जो सभ्य ग्राहक, तोच हद्दीअलीकडे आरोपी होऊं शकतो. कारण आमच्या कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य राज्यांत आणणें, वाहून नेणें व बाळगणें हे सारे अपराध आहेत. गोव्याहून परतणाऱ्या कित्येक प्रवाशांची हीच गत होते. उलट, नाशिककडच्या उत्पादकानें आपली वाइन इंदूरच्या ग्राहकास पार्सलानें पाठवूं म्हटलें तर तेंही घडत नाहीं. आधीं त्या राज्यांत मालाची नोंदणी, मग निर्यातीचा व आयातीचा परवाना, मग घाऊक व्यापारी, मग दुकानदार, असा द्राविडी प्राणायाम त्यास करावा लागतो. मे २०२० मध्यें टाळेबंदीच्या काळांत महाराष्ट्रानें घरपोच मद्यविक्रीस मुभा दिली, पश्चिम बंगाल व ओडिशा यांनींही दिली. परंतु ती आपल्याच राज्यांतील दुकानांतून आपल्याच राज्यांतील घरांपुरती होती. हद्दीपलीकडून थेट उंबरठ्यावर बाटली पाठविण्याचा मार्ग उघडला गेला नाहीं.

अमेरिकेनें हा प्रश्न आमच्या आधीं भोगला आहे. तेथें १९२० मध्यें देशभर दारूबंदी आली व १९३३ मध्यें उठली; आणि ती उठवितांना घटनेच्या २१ व्या दुरुस्तीनें आपल्या हद्दींत मद्य येऊं द्यावें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक घटक राज्यास दिला. पुढें मिशिगन व न्यूयॉर्क या राज्यांनीं एक युक्ति काढिली. आपल्या राज्यांतील वाइन-उत्पादकांनीं ग्राहकाच्या घरीं थेट माल पाठवावा, परराज्यांतील उत्पादकांस मात्र मज्जाव किंवा अडवणूक, असे नियम त्यांनीं केले. १६ मे २००५ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ग्रॅनहोम खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं हे नियम घटनाबाह्य ठरविले. निकालाचा मथितार्थ साधा होता: बंद करावयाचें तर सर्वांस बंद करा, उघडावयाचें तर सर्वांस उघडा; मद्यपानास आळा घालण्याचें निमित्त पुढें करून आपल्या माणसांचा गल्ला राखूं नका. त्यानंतर तेथील बहुतेक राज्यांनीं परवाना, कर व माल घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीची सही अशा अटींवर वाइन घरीं पाठविण्यास मोकळीक दिली.

या निकालाच्या कसोटीवर आपण आपली स्थिति घासून पाहूं. महाराष्ट्रानें २००१ मध्यें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण आंखलें व राज्यांतील द्राक्षांच्या वाइनला उत्पादनशुल्कांतून सूट दिली; कर्नाटकानेंही २००७ मध्यें आपल्या द्राक्षांस व वाइनला उत्तेजन देणारें धोरण काढिलें. शेतकऱ्याच्या मालास भाव मिळावा या हेतूस कोण वाईट म्हणेल? परंतु राज्यसूचीची ५१ वी नोंद काय सांगते तेंही पाहिलें पाहिजे. परराज्यांतील मद्यावर प्रतिशुल्क बसवावयाचें तर तें घरच्या मद्यावरील दराइतकें किंवा त्याहून कमी असावें, असें ती नोंद स्पष्ट म्हणते. म्हणजे जो न्याय अमेरिकेस २००५ मध्यें न्यायालयांतून मिळवावा लागला, त्याचें बीज आमच्या घटनाकारांनीं १९५० मध्येंच पेरून ठेविलें होतें. परंतु शुल्काच्या दारावर पहारा बसला कीं फीच्या खिडकीनें आंत शिरावें, हा मार्ग तिजोरीस नेहमींच मोकळा असतो. दारूबंदी कायद्याची पाटी कचेरीच्या दारावर लावावयाची आणि आंत बसून अबकारी उत्पन्न यंदां किती वाढलें याची बेरीज करावयाची, असा हा संसार आहे. अशा कचेरीनें हद्दीवर एका बाटलीसाठीं प्रवाशास अडविलें, तर नीतीच्या रक्षणासाठीं आपणांस अडविलें असें त्या प्रवाशास वाटावें तरी कसें?

मात्र एवढ्यावरून ‘हद्दी मोडा, बाटली घरोघर जाऊं द्या’ असा निष्कर्ष जे काढतात त्यांच्याशींही आमचें जुळत नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रियांनीं पुष्कळ वर्षें झगडून एक अधिकार मिळविला आहे. २००८ च्या आदेशान्वयें गांवांतील वा प्रभागांतील पाव हिस्सा स्त्री-मतदारांनीं अर्ज केला तर दुकानाविषयीं गुप्त मतदान घ्यावें लागतें, व निम्म्याहून अधिक मतें विरुद्ध पडल्यास तें दुकान बंद होतें. ‘उभी बाटली’ व ‘आडवी बाटली’ हीं त्या मतदानाचीं चिन्हें आज खेड्यापाड्यांत ठाऊक आहेत. ज्या स्त्रीस नवऱ्याच्या हातांतील बाटली हिसकावून घेतां येत नाहीं, तिला कागदावर शिक्का मारून ती आडवी करतां येते, ही लहान गोष्ट नव्हे. आतां असें समजा कीं, गांवानें दुकान बंद केलें आणि दुसऱ्या दिवशीं परराज्यांतील वखारींतून तीच बाटली पुड्यांत बांधून दारावर आली. मग मत कोणाविरुद्ध द्यावयाचें? दुकानास पत्ता असतो, परवाना असतो, शेजार असतो. पार्सल आणणाऱ्या पोरास यांतलें कांहीं नसतें. महाराष्ट्रांत बियर व वाइनसाठीं वयाची मर्यादा २१ वर्षांची व इतर विदेशी मद्यासाठीं २५ वर्षांची आहे. ती मर्यादा दारांत उभ्या असलेल्या घाईच्या पोरानें तपासावयाची, अशी ही व्यवस्था होईल.

यात्रेच्या गांवांस हा धोका अधिकच लागू आहे. मध्यप्रदेशानें १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह १९ धार्मिक स्थळांतील मद्याचीं दुकानें बंद केलीं. शेगांवास येणारे कित्येक यात्रेकरू ओंकारेश्वरासही जातात. तेथें जें झालें तें येथें व्हावें कीं नाहीं, हा विचार शेगांवकरांनीं आपला आपण करावा. परंतु असा निश्चय उद्यां एखाद्या गांवानें केलाच, तर तो टिकावा कीं बाहेरून येणाऱ्या पुड्याखालीं चिरडला जावा, हें थेट पाठवणीच्या कायद्यावर अवलंबून राहील. २७ जानेवारी २०२२ रोजीं मोठ्या किराणा-भांडारांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां राज्यभर वाद माजला व तो निर्णय अमलांत आला नाहीं. तो प्रस्ताव उघड्या बाजारांतला होता म्हणून लोकांस दिसला. घरपोच पाठवणी ही एकेका दारांत गुपचूप येणारी गोष्ट; तिचा बोभाटा होईपर्यंत ती रुजलेली असेल.

कोणी म्हणेल, सज्ञान माणसानें आपल्या घरीं काय प्यावें हा त्याचा प्रश्न. आणि बंदी घातल्यानें चोरटा व्यापार मात्र वाढतो. दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. वर्धा व गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत चोरटी दारू पोंचत नाहीं असें कोण म्हणेल? चंद्रपुरांत २०१५ मध्यें घातलेली बंदी २०२१ मध्यें उठविण्यांत आली, तेव्हां चोरट्या दारूचेंच कारण सांगण्यांत आलें होतें. परंतु चोर येतो म्हणून कुलूप काढून ठेवावें, हा शहाणपणा नव्हे; कुलूप बळकट करावें व किल्ली प्रामाणिक माणसाच्या हातीं द्यावी, हा शहाणपणा. पहिल्या म्हणण्याविषयीं एवढेंच कीं, पिणारा एकटा असला तरी त्याचें घर एकटें नसतें. पगाराच्या दिवशीं रिकाम्या हातानें परतणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री हीही सज्ञानच आहे. स्वातंत्र्याच्या हिशेबांत तिचें नांव कोणत्या रकान्यांत मांडावयाचें, तें या पक्षानें सांगावें.

यास्तव आमचें म्हणणें असें आहे. पहिलें, प्रवाशानें स्वतःच्या उपयोगासाठीं शेजारच्या राज्यांतून कर भरलेली बाटली आणली तर किती चालेल व किती चालणार नाहीं, याचा एकच स्पष्ट नियम शेजारी राज्यांनीं मिळून करावा आणि तो हद्दीवर व रेल्वे-स्थानकावर मराठींत व हिंदींत लावावा. अडाणीपणानें कोणी गुन्हेगार होऊं नये व शिपायास मेहेरबानी विकण्याची संधि राहूं नये. दुसरें, घरचें व परराज्यांतील मद्य यांत शुल्काचा पंक्तिप्रपंच करूं नये. ५१ व्या नोंदीचा अर्थ फीच्या नांवाखालीं बुडवूं नये. तिसरें, कोणत्याही राज्यास उद्यां घरपोच पाठवणीचा कायदा करावासा वाटला, तर ज्या गांवीं मतदानानें दुकान बंद झालें, ज्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, किंवा जें स्थळ धार्मिक म्हणून राखून ठेविलें आहे, तेथें अशी पाठवणी पूर्ण बंद राहील, हें कलम त्यांत आधीं घालावें व मग बाकीचीं कलमें लिहावीं. आणि शेवटचें, स्त्रियांच्या मतदानाचा अधिकार दुकानापुरता न ठेवतां पुरवठ्याच्या प्रत्येक प्रकारास लागू करावा.

व्यापारी वाचकांस आम्ही विशेषेंकरून सांगतों कीं, मोकळ्या व्यापाराचे आम्ही शत्रु नव्हों. कापूस, तूर, कापड, यंत्रें यांच्या वाटेंतील प्रत्येक नाका उठावा असेंच आम्हांस वाटतें. परंतु मद्य हा इतर मालासारखा माल नव्हे, हें आमच्या घटनेनें मानलें आहे, अमेरिकेच्या घटनेनेंही मानलें आहे. सरहद्दीचा नाका तिजोरी भरण्यासाठीं असेल तर तो उद्यांचा आज मोडावा. घर राखण्यासाठीं असेल तर तो सरहद्दीवर ठेवून भागणार नाहीं, तो घराच्या उंबरठ्यापर्यंत आणावा लागेल, आणि त्याच्या किल्ल्या त्या घरच्या स्त्रीच्या कमरेस बांधाव्या लागतील.