ताटाच्या कडेला राहणारी भाजी

दुपारच्या सुट्टीत एखाद्या प्राथमिक शाळेतील पंगतीकडे क्षणभर पाहावे. मुले भात आवडीने खातात. दुधी भोपळ्याच्या फोडी व पालेभाजीची पाने मात्र बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावलेली दिसतात. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी ५० ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या मुलासाठी ७५ ग्रॅम भाजी ठरविण्यात आली आहे. नोंदवहीत ती खर्ची पडते. पोटात किती जाते, हे सांगणारा रकाना मात्र तेथे नसतो.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिने वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी निकृष्ट आहार हे त्यांतील प्रमुख होय. त्या वेळची बहुतेक बालके आज आपल्या शाळांच्या वर्गांत बसलेली आहेत.

मूल भाजी टाकते ते केवळ हट्टाने, असा आपला समज असतो. वस्तुतः कडू चव बालकांना मोठ्यांपेक्षा अधिक जाणवते आणि दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थांविषयी स्वाभाविक भीती असते. तीच भाजी आठ-दहा वेळा, थोडी थोडी, सक्ती न करता पुढे आली म्हणजे ती ओळखीची होते. आपण मात्र दुसऱ्याच दिवशी ‘याला मेथी आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो! ‘भाजी संपव, मग लाडू देईन’ हे आमिषही उलटेच ठरते. भाजी ही शिक्षा व लाडू हे बक्षीस, एवढेच मूल त्यातून शिकते.

शिक्षकांनी पंगतीत बसून तीच भाजी चवीने खाल्ली, तर उपदेशाची फारशी गरज उरत नाही. त्याहून प्रभावी साधन म्हणजे शाळेची परसबाग. स्वतः पाणी घातलेल्या वाफ्यातील मुळा मूल कुतूहलाने तरी चाखून पाहते. जागा, कुंपण आणि उन्हाळ्यातील पाणी या तीन गोष्टींवर बहुतेक परसबागा अडतात, व या तिन्ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. हात धुण्याचे सांडपाणी वाफ्यांकडे वळविण्यास चर खणण्यापलीकडे फारसा खर्च येत नाही. शेवगा व हादगा कुंपणालगत एकदा लावले, की त्यांची निगा थोडीच लागते.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली बांधावर व रानात आपोआप उगवतात. त्यांना ‘गरिबाची भाजी’ म्हणून नाक मुरडणारे मोठेच असतात. मुले ते आपल्याकडून उचलतात. रानभाज्यांची पारख असलेल्या गावातील आजीबाईंना वर्गात बोलावून पाहावे.

स्वयंपाकाबाबत एवढेच, की भाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि शिजविलेले पाणी फेकू नये. फोडणीचे थोडे तेल हवेच, कारण पालेभाजीतील अ जीवनसत्त्वाचा अंश स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. वाढताना वर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. लिंबाचे एक झाड परसबागेत असल्यास तोही खर्च वाचतो.