दमलेल्या गाडीची नाडी

म्हैसूर शहरातून चामुंडी टेकडीवर जाणारा वळणावळणाचा रस्ता जसा देवीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांचा, तसाच तो शहरातील जुन्या मोटारसायकलींच्या परीक्षेचाही आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेले, तर टेकडीचा माथा हजार मीटरांहून उंच. सपाट रस्त्यावर झाकला जाणारा थकवा या चढावर उघडा पडतो. कालपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये सहज वर जाणारी येझदी आज दुसऱ्यात कुरकुरू लागली, की मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते : इंजिन गेले की काय?

बहुतेक वेळा इंजिन गेलेले नसते. मात्र ते गेले असे समजून घाईने उघडले, तर नुकसान निश्चित होते आणि या गाडीच्या बाबतीत ते सहजासहजी भरून येत नाही.

यादवगिरीचा वारसा

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील गाडी. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये या नावाने मोटारसायकली बनवण्यास प्रारंभ केला. मुंबईतील इराणी कुटुंबाने तिचे तंत्र भारतात आणले आणि म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’चा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० च्या दशकात ‘जावा’ हे नाव मागे पडून ‘येझदी’ हे नाव टाकीवर आले आणि १९७८ च्या सुमारास ‘रोडकिंग’ रस्त्यावर आली. १९९६ मध्ये कारखान्याचे उत्पादन थांबले.

अलीकडे ही दोन्ही नावे पुन्हा बाजारात आली आहेत : जावा २०१८ मध्ये, येझदी २०२२ मध्ये. मात्र नव्या गाड्यांची इंजिने चार फेरांची व द्रवाने थंड होणारी आहेत. त्यांचे सुटे भाग जुन्या दोन फेरांच्या इंजिनाला उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच जुन्या गाडीचा मूळ सिलिंडर हे तिचे मुद्दल आहे. प्रत्येक बोअरिंगमध्ये त्याचे धातू खरवडले जातात आणि नवा, किंचित मोठा पिस्टन बसवावा लागतो. असे मोजकेच टप्पे उपलब्ध असतात. गरज नसताना केलेले बोअरिंग म्हणजे कारण नसताना मुद्दलाला लावलेला हात.

बाहेरून आत

यावर उपाय सोपा आहे. तपासणी बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे करावी, तसेच एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

प्रथम दोष इंजिनाचाच आहे का, हे पाहावे. गाडी मधल्या स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते अडखळत असेल, तर ब्रेक घासत असावा किंवा चेन अतिताणलेली असावी. पुढचे चाकही उचलून तसेच पाहावे. नंतर चढावर कानाने अंदाज घ्यावा. इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. या गाड्यांत गिअरच्या दांड्यासोबत क्लच आपोआप सुटण्याची सोय आहे. तिची जुळणी बिघडली, तरी प्लेटा पूर्ण आवळत नाहीत. अशा वेळी इंजिन निर्दोष असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. म्हैसूरच्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी विरळ असते. मुंबईत जुळवलेली गाडी येथे किंचित मंद वाटणे हा दोष नव्हे, निसर्गाचा नियम आहे.

हवा, पेट्रोल, ठिणगी

यानंतर इंजिनाच्या आहाराकडे वळावे. एअर फिल्टर धुळीने बुजला असेल, तर इंजिनाला श्वास पुरत नाही. पेट्रोलचा प्रवाह तपासण्यासाठी इंजिन थंड असताना, उघड्या जागी व आगीपासून दूर, कार्बोरेटरची नळी काढून पेट्रोल योग्य डब्यात सोडावे. धार सुरुवातीला चांगली व थोड्या वेळाने बारीक होत असेल, तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असण्याची शक्यता मोठी. झाकण सैल करताच धार सुधारली, तर निदान पक्के झाले आणि खर्च शून्य.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या व वॉशरांना ते मानवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर जेटच्या बारीक छिद्रात बसतो. अशा वेळी कार्बोरेटर उघडून जेट हवेच्या झोताने स्वच्छ करावा. तारेने टोचू नये, कारण छिद्र मोठे झाले की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

ठिणगीचे निदान प्लगच सांगतो. जोमाने चढ चढून गेल्यावर सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे व थोडे निवल्यावर प्लग काढून पाहावा. त्याच्या टोकाचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा असेल, तर सर्व ठीक. काळा, काजळीने माखलेला असेल, तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त किंवा ठिणगी दुबळी. पांढरट असेल, तर मिश्रण विरळ, आणि ही खूण धोक्याची आहे, कारण अशा स्थितीत पिस्टन अतितापून अडकू शकतो. जुन्या मॉडेलांत पॉइंटमधील अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. पॉइंट झिजले की ठिणगी क्षीण होते व तिची वेळही सरकते.

काजळीची कोंडी

दोन फेरांच्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळते. त्याची काजळी धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर, म्हणजे सिलिंडरच्या धूरमार्गात आणि सायलेन्सरच्या आतल्या जाळीनळीत साचत जाते. धूर कोंडला की ताजे मिश्रण आत येत नाही आणि गाडी दमते. येझदीला सिलिंडर एक व सायलेन्सर दोन. त्यामुळे घरच्या घरी तुलना करता येते. इंजिन नुकतेच सुरू केलेले असताना दोन्ही सायलेन्सरांच्या मागे, थोडे अंतर राखून, तळहात धरावा. एका बाजूचा झोत ठळकपणे कमी असेल, तर कोंडी तेथे आहे. जाळीनळी काढून काजळी खरवडली, की कित्येक गाड्यांना पूर्वीचा जोम परत मिळतो.

सर्वांत शेवटी इंजिन

एवढे करूनही गाडी ओढत नसेल, तरच संशय इंजिनावर घ्यावा. किक हाताने दाबली तरी जाते इतकी हलकी लागत असेल, तर रिंगा झिजल्या किंवा काजळीने चिकटल्या असाव्यात. पांढरा धूर दाट येऊन गिअरबॉक्समधील ऑइल कमी होत असेल, तर क्रँकच्या बाजूचे ऑइल सील गेले असावे. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीकडे जावे आणि त्याला कॉम्प्रेशन गेजने मोजून घेण्याची विनंती करावी. सिलिंडर मोजल्याशिवाय बोअरिंगला संमती देऊ नये.

मिस्त्रीकडे जाताना एक छोटी वही सोबत असावी. कधी काय तपासले, काय बदलले व काय फरक पडला, याच्या तारीखवार नोंदी तिच्यात असाव्यात. पासबुकातील नोंदींवरून खात्याची प्रकृती कळते, तशी या वहीवरून गाडीची कळते, आणि अनावश्यक कामाचा आग्रहही नम्रपणे टाळता येतो.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणचे चाहते जुन्या जावा व येझदी घेऊन एकत्र जमतात. कारखाना बंद होऊन तीन दशके होत आली, तरी या गाड्यांचे आवाज त्या दिवशी रस्ते दुमदुमवतात. त्यांना एवढे आयुष्य लाभले ते मालकांनी पाना उचलण्यापूर्वी नाडी पाहिली म्हणून. चामुंडीच्या चढावर गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये वर जाते, तेव्हा त्या संयमाचे व्याज हातात पडलेले असते.