मानसशास्त्राचे पदवी-शिक्षण, सातारा-सांगलीतील
सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये, तर साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. १९६२ मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर हे दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. मानसशास्त्र येथे कला शाखेत मोडते. मराठीतूनही शिकता येते. दुसऱ्याचे मन ओळखण्याची विद्या मिळेल, या समजुतीने आलेल्या विद्यार्थ्याची गाठ स्मृती, अध्ययन व प्रतिक्रियाकाल यांवरील प्रयोगांशी आणि सांख्यिकीशी पडते. सांख्यिकीची धास्ती पुष्कळांना असते. तथापि मोजमापाविना हा विषय केवळ तर्क ठरेल. या पदवीने मनोरुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यास पुढील विहित प्रशिक्षण व १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते.