एका पदराचं चुंबकत्व: २०१७ पासूनचा मागोवा

जून २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये दोन शोधनिबंध सोबतच आले. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच पदर ४५ केल्विनपर्यंत चुंबक राहतो, हे शाओडाँग शू आणि पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटांनी दाखवलं. क्रोमियम-जर्मेनियम-टेल्युराइडचे दोन पदरही चुंबक असतात, हे बर्कलीच्या शियांग झांग यांच्या गटाने. मग द्विमितीय चुंबकत्वावरची सैद्धांतिक बंदी मोडली, असं सर्रास लिहिलं गेलं. माझ्या मते शोधाचं महत्त्व तिथे नाही. ती बंदी घालणारं मर्मिन आणि वॅग्नर यांचं १९६६चं प्रमेय स्पिनला, म्हणजे अणूंमधल्या सूक्ष्म चुंबकांना, सगळ्या दिशा सारख्या असतील तेव्हाच लागू पडतं. आयोडीनच्या जड अणूंमुळे इथे स्पिनला पदराशी काटकोनातली दिशा सोयीची ठरते, आणि अशी एक दिशा असली की बंदी उरत नाही. हे ऑनसागर यांच्या द्विमितीय चुंबकाच्या १९४४च्या गणितापासून माहीत होतं.

खरा धक्का क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या दोन पदरांनी दिला. जाड स्फटिकात सगळे पदर एकाच दिशेने चुंबकित होतात, पण दोनच पदर घेतले तर ते एकमेकांविरुद्ध उभे राहतात. कारण रचनेत आहे: थंड होताना जाड स्फटिकाचे पदर किंचित सरकतात, पातळ तुकड्यात मात्र ते जुन्याच जागी राहतात आणि पदरांमधल्या बलाचं चिन्ह उलटतं. दाब देऊन पदर सरकवले की चुंबकत्वही बदलतं, हे २०१९ मध्ये दिसलं. त्याआधी, २०१८ मध्ये, नुसत्या विद्युतदाबाने ही अवस्था पालटता आली. त्याच वर्षी ग्राफीनच्या दोन पत्र्यांत चार पदर ठेवून चुंबकीय क्षेत्र बदललं, तेव्हा विद्युतरोधात १९,००० टक्क्यांचा फरक पडला. विजेचं वहन आणि चुंबकत्व इतकी जवळून बांधलेली आहेत.

टंगस्टनवरचे लोखंडाचे एकअणू चुंबकीय थर आधीपासून ठाऊक होते, मग यात नवं काय, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. ते थर खालच्या धातूला रासायनिक बंधांनी चिकटलेले असतात. हे पदर सुटे काढता येतात, हव्या त्या पदार्थावर, हव्या त्या कोनात ठेवता येतात. हे चुंबकत्व फक्त कडाक्याच्या थंडीतच टिकतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण त्याची धार कमी होते आहे. क्रोमियम सल्फर ब्रोमाइड हवेत टिकतं आणि १३२ केल्विनपर्यंत चुंबकीय क्रम राखतं. २०२२ मध्ये पुढे आलेलं लोह-गॅलियम-टेल्युराइड खोलीच्या तापमानाच्या वरही चुंबक राहतं. अडचण उरते ती आकाराची: यांतले बहुतेक निष्कर्ष चिकटपट्टीने सोललेल्या, काही मायक्रॉन रुंदीच्या तुकड्यांवरचे आहेत.