घेतलं आणि बरं वाटलं, म्हणजे औषधानंच का?

२०२१ चा एप्रिल आठवतो ना? रेमडेसिवीरसाठी घराघरांतले दागिने गहाण पडले. मे महिन्यात तर ते इंजेक्शन आपल्या वर्ध्यातच तयार होऊ लागलं. पण नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं, की भरती असलेल्या रुग्णांचे प्राण यानं वाचतात असा पुरावा नाही. (पुढे २०२२ मध्ये, आजार बळावण्याचा मोठा धोका असलेल्या सौम्य रुग्णांसाठी ते मत बदललं.)

मग जे घेऊन बरे झाले, त्यांचं काय? अहो, कोरोनाचे बहुतेक रुग्ण तसेही बरे होतच होते. म्हणून औषध पारखायला दोन गट लागतात, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही. कोण कुठे, हे डॉक्टरच्या मर्जीवर नसतं. भिशीत चिठ्ठी काढतो, तसं ठरतं. नाहीतर धडधाकट रुग्ण एकाच गटात जायचे.

२०२० मध्ये आयसीएमआरनं ३९ दवाखान्यांत प्लाझ्मा असाच पारखला. २३५ जणांना दिला, त्यातले ४४ गंभीर झाले किंवा दगावले. २२९ जणांना दिला नाही, त्यातले ४१. फरक नाहीच! ऑक्टोबरमध्ये निकाल छापून आला, तरी सरकारी सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. तोवर आम्हीही दात्यांसाठी फोनवर फोन करत होतो.

डेक्सामेथासोन हे साधं, स्वस्त औषध मात्र खरं ठरलं. ब्रिटनमधल्या चाचणीत व्हेंटिलेटरवरचे शंभरातले ४१ दगावत होते, औषध दिलेल्यांतले २९. पण ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा दिसला नाही. म्हणजे ताप आल्याबरोबर स्टेरॉइड घेणं चूकच. त्यानं साखर वाढते, काळ्या बुरशीचा धोकाही वाढतो.

लस तर निरोगी माणसाला देतात, म्हणून पारख आणखी कडक. कोविशिल्डच्या भारतातल्या चाचणीत सुमारे १,६०० जण होते, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेजही त्यात होतं. काहींना लस, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. कोणाला काय मिळालं, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

उद्या अशा चाचणीसाठी कोणी तुमची सही मागितली, तर आधी कागद मराठीत वाचून घ्या, एक प्रत मागा, अपाय झाल्यास खर्च कोणाचा ते विचारा. मधेच सोडायची मुभा असते, आणि सोडलं म्हणून नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही.