‘खासगी’ म्हणजे नक्की कोणाचे?

सव, महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमध्ये काम करताना आम्ही तरुणांना एक प्रश्न नेहमी विचारतो. तुमच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आजवर किती ठिकाणी गेल्या असतील? सुरुवातीला सगळे हसतात, मग बोटे मोजू लागतात. कॉलेज, बँक, सिमकार्ड, गॅस एजन्सी, बचत गट, एमआयडीसीतला ठेकेदार, २०२१ च्या पुरानंतर मदत घेऊन आलेल्या संस्था. बोटे संपतात, यादी संपत नाही. त्यातली एकही प्रत परत आलेली नसते.

झेरॉक्स निदान एका कपाटात पडून राहते. मोबाईलवरून पाठवलेल्या फोटोचे तसे नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज भरायला मुलगी केंद्रावर जाते, तेव्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, पासबुक, आधार असे सगळे केंद्रचालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि तिथून संगणकावर उतरते. तो ओटीपी विचारतो, ती सांगते. अर्ज जमा होतो, फाइल तिथेच राहते. केंद्रचालक वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकदा तो आपल्याच पंचक्रोशीतला, पोटासाठी धडपडणारा पोरगा असतो. पण त्याचा संगणक उद्या कोणाच्या हाती जाईल, हे त्यालाही ठाऊक नसते.

आपल्या समाजासाठी या कागदांत एक वेगळी गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण जे जातीचे नाव मागे टाकले, ते जातीच्या दाखल्यावर आजही लिहिलेले असते. ते लिहिणे भाग आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या मूळच्या जातीच्या आधारावरच. म्हणजे हा दाखला सरकारपुढे ठेवणे हा आपला हक्क आहे, लाजेची बाब नाही. मात्र तोच दाखला मुंबईत खोली देणाऱ्या घरमालकाने किंवा नोकरीवर घेणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरने कुठूनतरी पाहिला तर काय होते, हे तरुणांना सांगायला नको. जात सांगायची की नाही, कोणाला आणि कधी, हे ठरवणे आपल्या हातात असले पाहिजे. माहितीवरचा हक्क आम्ही म्हणतो तो एवढाच आणि एवढा मोठा आहे.

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात त्यांनी माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि वस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारा मूलभूत हक्क मांडला होता. संविधानात ते कलम आले नाही. पुढे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी नेमके हेच कारण दिले, की असा हक्क संविधानात लिहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो जुना निकाल बाजूला सारला आणि खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. ज्या आधारवरून हा वाद न्यायालयात पोहोचला, त्याची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबारमधल्या टेंभली या आदिवासी गावात झाली होती. बोटांचे ठसे आधी गरिबांनी दिले, त्यांचा हक्क कोर्टाने नंतर सांगितला.

यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. ‘माझ्या माहितीचा मालक मी’ असे आपण सहज बोलतो, पण मालकी हा शब्द या कायद्यात सापडत नाही, आणि त्याला कारण आहे. जमीन विकली की ती आपल्याकडून जाते. माहिती दिली तरी ती आपल्याकडे राहते आणि दुसऱ्याकडेही पोहोचते. म्हणून कायदा मालकीऐवजी हक्क देतो. माझ्याबद्दल काय साठवले आहे ते विचारण्याचा, चूक सुधारून घेण्याचा, काम संपल्यावर माहिती पुसायला लावण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचा. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात आणि धर्मविषयक श्रद्धा ‘संवेदनशील’ माहितीत धरली होती, तिला जास्त कडक संरक्षण होते. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच उरला नाही. जातीचा दाखला आणि जोड्याच्या दुकानात दिलेला मोबाईल नंबर, कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखेच. यावर आपल्या चळवळीत फारसे कोणी बोलले नाही.

आणि आपल्या घरात काय चालते? गावशाखा आणि मुंबई मंडळ यांच्या सभासद याद्या, वधू-वर मेळाव्याचे बायोडेटा, त्यात मुलीचा फोटो, पत्ता, पगार आणि मोबाईल नंबर, सगळे एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत असते. उद्या आपल्या संस्थेलाही हा कायदा लागू होणार आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागणार आहे. तोवर साधी काळजी घेता येते. जिथे चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे, ते संकेतस्थळावरून मिळते. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून आडवी सही करावी. बोटांचे ठसे आधारच्या अ‍ॅपवरून लॉक करावेत. केंद्रावर काम झाले की फाइल समोर पुसून घ्यावी.

आता याच कायद्याची दुसरी बाजू. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, १९२७ मध्येच, महाडची काही स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. तळे सार्वजनिक नाही, आमचे खासगी आहे, असा त्यांचा दावा होता. तो फेटाळला जाऊन मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. महाडात ‘खासगी’ हा शब्द आपल्याला पाण्यापासून दूर ठेवायला वापरला गेला आहे, म्हणून तो ऐकला की आम्ही सावध होतो. २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला पाहावे लागे, की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का आणि ती देण्यात लोकहित आहे का. आता त्या कलमात ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले, तेव्हा हा बदल लगेच लागू झाला. वर सांगितलेले नागरिकांचे हक्क मात्र १८ महिन्यांनी येणार आहेत. हा क्रम पुरेसा बोलका आहे.

रमाई आवासची लाभार्थी यादी, रोजगार हमीचा हजेरीपट, अनुसूचित जाती उपयोजनेतून कोणाला कंत्राट मिळाले याचे कागद, यांत नावे असतातच. नावे झाकली की घर खरेच कोणाला मिळाले हे कळायचे कसे? सरकार म्हणते की कलम ८(२) शिल्लक आहे, लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. ते खरे आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी यापुढे अर्जातच कलम ८(२) लिहावे, आणि सार्वजनिक पैशाचा संबंध कसा आहे ते दोन ओळींत मांडावे. आधार क्रमांक आणि बँक खाते झाकून द्यावे, असेही आपणच नमूद करावे, कारण ते आपल्यालाही नको आहे. तरी नकार आला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील दाखल करावे.