कथेचे खेळ आणि निवडीचा हिशेब

या अंकाच्या कन्नड विभागासाठी लेख गोळा करणारा माझा एक मित्र आहे. तो कादंबऱ्या भरपूर वाचतो, आणि मी संगणकावर खेळ खेळतो याबद्दल त्याला माझी कीव वाटते. "गेममध्ये कसली आली आहे गोष्ट? बंदूक घ्यायची आणि पुढे जायचे," असे तो एकदा कँटीनमध्ये म्हणाला. मी म्हटले, त्या खेळांबद्दल मी बोलतच नाही. काही खेळ असे असतात की त्यांत खेळणाऱ्याने मधूनमधून निर्णय घ्यायचा असतो, आणि त्याप्रमाणे कथा वळते. त्यावर त्याने विचारलेल्या प्रश्नाने मात्र मी अडलो. "निर्णय तू घेणार, तर लेखकाने काय करायचे? आणि कोणताही निर्णय घेतला तरी चालत असेल, तर त्यात गोष्ट कुठे राहिली?" हा लेख म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. उशीर झाला खरा, पण चहाचे पैसेही मी अजून त्याला दिलेले नाहीत, त्यामुळे संबंध टिकून आहेत.

ही कल्पना संगणकापेक्षा फार वेगळ्या ठिकाणीही रुजली होती. १९७९ साली एडवर्ड पॅकार्ड या अमेरिकन लेखकाचे 'द केव्ह ऑफ टाइम' हे मुलांचे पुस्तक आले. गुहेत शिरायचे असेल तर अमुक पानावर जा, परत फिरायचे असेल तर तमुक पानावर, अशी त्याची रचना. वाचक स्वतःच नायक. पुढे या मालिकेत पुस्तकांची रीघ लागली. आता आपण वाणिज्य शाखेची मुले असल्यामुळे लगेच बेरीज करू. प्रत्येक वेळी दोन वाटा, आणि अशा निवडी फक्त दहा, असे धरले, तर शेवटी १०२४ वेगवेगळे शेवट लिहावे लागतील. पुस्तकात निदान कागदच लागतो. खेळात प्रत्येक वाटेसाठी चित्रे काढावी लागतात, नटांचे आवाज घ्यावे लागतात, आणि त्यांतला बराच भाग बहुतेक खेळणाऱ्यांच्या नजरेसही पडत नाही. असा धंदा कोणी करणार नाही. म्हणून बहुतेक खेळांत वाटा फुटतात, थोडे अंतर चालतात आणि पुन्हा एका रस्त्याला येऊन मिळतात. हे कळल्यावर पुष्कळांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. मलाही वाटले होते. पण त्याकडे पुढे येतो.

निवडीचा सर्वांत सोपा, आणि माझ्या मते सर्वांत कमकुवत प्रकार म्हणजे चांगले की वाईट. 'मास इफेक्ट' (२००७) या अंतराळातल्या खेळात सभ्य उत्तराला निळा रंग आणि उर्मट उत्तराला तांबडा. खेळणारा पहिल्या तासातच ठरवतो की आपण निळे, आणि मग डोळे मिटून निळे निवडत जातो. तो खेळ करणाऱ्या बायोवेअर कंपनीत पूर्वी काम केलेल्या एकाने २०२० साली सांगितले की सुमारे ९२ टक्के लोक निळ्याच बाजूने खेळत. याचा अर्थ माणसे मुळात सज्जन आहेत असा काढायला माझी हरकत नाही, पण अशा निवडीत निवडण्यासारखे काही उरत नाही एवढे खरे. सज्जन वागण्यासाठी तिथे फारसे काही गमवावे लागत नाही. उलट गुणच मिळतात.

एका गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेली दुसरी गोष्ट, हे अर्थशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात. परीक्षेत हे वाक्य मी दोनदा लिहिले आहे. त्याचा अर्थ मात्र मला एका खेळाने समजावला, आणि त्याबद्दलच मला सविस्तर सांगायचे आहे.

त्या खेळाचे नाव 'पेपर्स, प्लीज'. ऑगस्ट २०१३ मध्ये तो आला. करणारा लुकस पोप, जपानमध्ये राहणारा अमेरिकन. विमानतळांवर पासपोर्ट तपासणारे कारकून पाहून त्याला ही कल्पना सुचली. आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश, साल १९८२, महिना नोव्हेंबर. शेजारच्या देशाशी सहा वर्षे चाललेले युद्ध नुकतेच संपले आहे. सोडतीत तुमचे नाव निघते आणि सरहद्दीवरच्या नाक्यावर तपासनिसाची नोकरी मिळते. खिडकीसमोर माणसांची रांग. एकेकाने कागद पुढे सरकवायचे, तुम्ही नाव, फोटो, मुदत, गावाचे नाव पडताळायचे, आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारायचा. बस. तलवार नाही, घोडा नाही. शिक्क्यांचा खेळ कोण खेळेल, असे मलाही वाटले होते. त्या रात्री मी दीड वाजता झोपलो.

पगार नगावर आहे. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट. संध्याकाळी सहाला खिडकी बंद होते आणि पडद्यावर घरखर्चाचा ताळेबंद येतो: शिल्लक, आजची मिळकत, भाडे, अन्न, घर उबदार ठेवण्याचा खर्च. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरत नसतील तर अन्नावर किंवा उबेवर काट मारायची. दुसऱ्या दिवशी नावापुढे लिहून येते, कोण भुकेला, कोण गारठलेला, कोण आजारी. औषध घ्यायचे तर आणखी खर्च. कर्जात गेलात तर तुरुंग. इकडे नाक्यावर रोज एखादा नवा नियम निघतो, म्हणजे पडताळायचे कागद वाढतात आणि वेग कमी होतो.

चूक झाली तर छपाईयंत्रातून कटकट करत एक चिठ्ठी बाहेर येते. आणि इथे तो नियम आहे, ज्याच्यासाठी मी लुकस पोपला कॉस्टिंगचा मानद प्राध्यापक करायला तयार आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसता इशारा. दंड तिसऱ्या चुकीपासून.

सुरुवातीच्याच दिवसांत एक माणूस येतो. त्याचे कागद बिनचूक असतात. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. पुढे बाई येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत गेले तर मला मारून टाकतील, असे ती म्हणते. खेळ तुम्हाला काहीही विचारत नाही. 'दया दाखवाल का?' अशी पाटी झळकत नाही, निळा-तांबडा पर्याय येत नाही. टेबलावर तिचा पासपोर्ट पडलेला असतो आणि वर तेच दोन शिक्के. आता हिशेब पाहा. त्या दिवशी तुम्ही मन लावून काम केले असेल, तर हाताशी दोन इशारे शिल्लक आहेत. तिला आत सोडणे फुकट आहे. पण सकाळी घाईत दोन चुका करून बसला असाल, तर तिला सोडण्याची किंमत रोख मोजावी लागणार. म्हणजे दया करण्याची ऐपत ही आधीच्या कामाच्या काटेकोरपणावर अवलंबून. हे मी कोणत्याही कथेत इतक्या उघड आकड्यांत पाहिले नव्हते.

माझ्या दोन्ही चुका तिच्या आधीच झाल्या होत्या. एकदा मुदत वाचली नव्हती, एकदा गावाचे नाव. घरी काका आजारी होते. मी तांबडा शिक्का मारला. नवरा आत गेला होता, ती बाहेर राहिली. पुढचा माणूस खिडकीशी आला.

वाईटपणासुद्धा हा खेळ असाच शिरकाव करून देतो. एक पहारेकरी येऊन हळूच सुचवतो की जास्त लोकांना अटक करा, मला वर पैसे मिळतात, त्यातला वाटा तुम्हाला देईन. कागदात बारीकशी विसंगती आढळली, तर परत पाठवायचे की बेड्या घालायच्या, हे तुमच्या हातात असते. ज्या दिवशी घरात औषध नसते त्या दिवशी बेड्यांचे बटण जवळ वाटू लागते. खेळाचे एकूण २० शेवट आहेत. त्यांतला कुठला मिळाला यापेक्षा ही मधली बटणे जास्त लक्षात राहतात.

आम्ही सीमाभागातले. 'सीमा' हा शब्द आम्ही पाळण्यात ऐकला आहे, पण आमच्या सीमेवर एरवी पासपोर्ट लागत नाही, एस.टी.चे तिकीट लागते. अपवाद करोनाचा. २०२१ साली दुसऱ्या लाटेत आत्याकडून परत येताना आमची गाडी नाक्यावर थांबवली. तपासणीचा अहवाल बहात्तर तासांच्या आतला हवा होता. आजीचा काही तासांनी जुना होता. खिडकीपाशी आलेल्या माणसाने कागद पाहिला, मागच्या आसनावरच्या आजीकडे पाहिले, पुन्हा कागद पाहिला. मग मागे वळून कोणी पाहते आहे का ते पाहिले. "लगू होग्री," एवढेच म्हणाला. लवकर जा. बाबांनी गाडी सोडली आणि घरी पोहोचेपर्यंत आम्ही आमच्या नशिबाबद्दल बोलत राहिलो. त्या माणसाच्या खात्यात त्या दिवशी किती इशारे शिल्लक होते, हा प्रश्न मला तीन वर्षांनी हा खेळ खेळताना पडला. तोपर्यंत मी फक्त खिडकीच्या अलीकडे बसलो होतो.

आता वाटा पुन्हा मिळतात त्या फसवणुकीकडे. टेलटेल कंपनीचा 'द वॉकिंग डेड' (२०१२) हा पाच भागांचा खेळ त्यासाठी पाहावा. मेलेली माणसे उठून फिरू लागली आहेत आणि ली नावाचा शिक्षा झालेला कैदी क्लेमेंटाइन या लहान मुलीला सांभाळत चालला आहे. पहिल्या भागात डग आणि कार्ली या दोघांपैकी एकालाच वाचवता येते. क्षणात ठरवायचे. जो वाचतो तो तिसऱ्या भागात गोळी लागून मरतो, मग तो कोणीही असो. खर्चाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, दोन माणसांचे आयुष्य पाचही भागांत लिहायचे कोणी? पण कथेच्या दृष्टीने मला ती वजाबाकी दिसली, आणि दिसायला नको होती.

याच खेळातली दुसरी निवड मात्र मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या भागाच्या अखेरीस भुकेल्या मंडळींना रानात एक उभी मोटार सापडते. आत अन्न भरलेले. मालक दिसत नाही. क्लेमेंटाइन म्हणते, हे दुसऱ्याचे असेल तर? तुम्ही घ्या किंवा हात मागे घ्या. बाकीचे ते घेतातच. म्हणजे परिणामात काडीचा फरक नाही. तरीही ती निवड खरी आहे, कारण ती मुलगी तुमच्याकडे पाहत असते. काय झाले हे ठरवणे तुमच्या हातात नाही, आपण कोण होतो एवढेच आहे. शेवटच्या भागात त्या मोटारीचा मालक लीला गाठतो आणि जाब विचारतो. आपण ते प्रकरण केव्हाच विसरलेले असतो, तो विसरलेला नसतो. आजूबाजूला खूण ठेवली होती, आपणच दुर्लक्ष केले, असे मागे वळून पाहताना वाटले की लांबणीवर पडलेला परिणाम पटतो. खूण नसती तर ती लेखकाची लबाडी ठरली असती.

मित्राच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. लेखकाने शेवट मोजून द्यायचे नाहीत. खेळणाऱ्याच्या हाती काय आहे, काय नाही, आणि प्रत्येक गोष्टीला किती पडते, हे त्याने ठरवायचे.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे, कारण त्याच्या मागे आणखी एक प्रश्न दडलेला आहे. संगणकावर खेळ जतन करून ठेवता येतो. निर्णय चुकला की मागे जायचे आणि दुसरा घ्यायचा. ज्याची नोंद खोडता येते त्याला किंमत कशी म्हणावी? टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ने (२०१५) यावर मजेदार तोड काढली आहे. त्यात सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू बाई तुम्हाला वाट दाखवते आणि पुढे तुमच्याशी लढायला उभी राहते. पुष्कळ जण तिला मारून टाकतात, हळहळतात, मागे जाऊन दुसऱ्या खेपेला तिला जगवतात आणि निर्धास्त होतात. लगेच पुढच्या वळणावर एक दुष्ट फूल हसून सांगते की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे, आधी मारलेस आणि मग पस्तावून परत आलास. मला तर खुर्चीत दचकायला झाले. खोडलेली नोंदही वहीत दिसते, ही गोष्ट हिशेबतपासनिसांशिवाय एका फुलालाच माहीत असावी.

'पेपर्स, प्लीज'मध्ये असे फूल नाही. तिथे कोणत्याही दिवसापासून पुन्हा सुरू करता येते, आणि मी ते केले. पाचव्या दिवसावर परत गेलो, प्रत्येक तारीख दोनदा वाचली, एकही इशारा वाया घालवला नाही. बाई आली. हिरवा शिक्का मारला. चिठ्ठी बाहेर आली, दंड नाही. मात्र दोनदा वाचण्यात वेळ गेल्यामुळे त्या दिवशी माणसे कमी झाली, मिळकत कमी पडली आणि रात्री उबेवर काट मारावी लागली. सकाळी मुलाच्या नावापुढे 'गारठलेला' असे होते. तेही ठीकच होते, सोसण्यासारखे होते.

पण मित्राला खेळाची गोष्ट सांगायला बसलो तेव्हा मी ही दुसरी सांगितली नाही. पहिलीच सांगितली, तांबड्या शिक्क्याची. त्याने मध्येच विचारले, "मग तिचे पुढे काय झाले?" खेळात ते कळत नाही, म्हटले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आधीच्या दोन चुका कुठल्या होत्या, ते पुन्हा सांग."